गेंदुक आणि हजारावा दिवस

रिकामी बस भरलेली कशी दाखवायची, हे तुमिजानइतकं सबंध जावा बेटावर कुणालाच येत नव्हतं. निदान तुमिजानचं तसं मत होतं. सालातिगा ते सेमारांग या रस्त्यावर त्याने जन्मभर कंडक्टरी केली. स्टँडवर बस रिकामी उभी असली की तो मागच्या दाराला लोंबकळायचा आणि आत तोंड करून म्हणायचा, "ओ मावशी, जरा सरका की, त्या काकांना बसू द्या." मग स्वतःच बायकी आवाजात, "आणखी किती सरकू, खिडकीतून बाहेर जाऊ का?" मग खोकून, म्हाताऱ्याच्या आवाजात, "सोडा आता गाडी, उशीर होतोय." बाहेरच्यांना वाटायचं, आत पाय ठेवायला जागा नाही, गाडी आत्ता सुटणार. ते धावत येऊन चढायचे आणि पाहतात तर आत एक स्टेपनी आणि कोंबड्यांची डालगी. पण चढलेला माणूस लाजेने उतरत नाही. त्याला बघून दुसरा चढतो, दुसऱ्याला बघून तिसरा, आणि बस खरोखरच भरते.

अशा माणसाला स्वतःचं घर एका संध्याकाळपुरतं भरता येऊ नये?

"भरून दाखवतो," तो गेंदुकला म्हणाला. "दारात चपला काढायला जागा उरणार नाही. बघच तू."

गेंदुक काही बोलली नाही. ती अजगर होती.

नीट सांगायचं तर पुरती अशी ती कुठलीच अजगर नव्हती. बाप जाळीदार जातीचा, आई बर्मी. पाठीवर मानेकडून बापाची जाळी विणायला घेतलेली, अर्ध्यात कंटाळा आल्यासारखी सोडलेली आणि पुढे शेपटीपर्यंत आईचे तपकिरी ठिपके. अक्कल बापाची, भूक आईची. बंद दार कसं उघडतं ते ती नाकाने चाचपून शिकायची आणि उघडलं की पहिल्यांदा खायला काय आहे ते बघायची. रविवारी सकाळी मैदानावरच्या वडाखाली सालातिगातले साप पाळणारे जमत, गळ्यात साप घालून कॉफी पीत. तुमिजान दोनदा गेंदुकला घेऊन तिथे गेला. जाळीदारवाले म्हणाले, "ही आमच्यातली नाही, तिकडे बसा." बर्मीवाले म्हणाले, "ही आमच्यातली नाही, तिकडे बसा." दोन्ही 'तिकडे' मिळून मैदानाबाहेरच्या गटाराचा कट्टा येत होता. दोघं तिथे बसली, ऊन खाऊन परत आली.

तिला आणायला तो गेलाच नव्हता. गेला होता पक्षी आणायला. बायको लासिनेम वारल्यावर घर फार गप्प झालं, आणि तिकडे घर गप्प झालं की लोक म्हणतात, कवडा पाळ, दिवसभर घुमतो. जनावरांच्या बाजारात तुमिजान कवड्याच्या पिंजऱ्यापुढे उभा राहिला. कवडा घुमला. आणि तुमिजानच्या मनात आलं, की उद्या सकाळी अर्धवट झोपेत स्वयंपाकघराकडून आवाज येईल, आपण उठून बसू, आणि तो आवाज लासिनेमचा नाही हे आपल्याला रोज नव्याने कळेल. तो पिंजऱ्यापासून बाजूला झाला. शेजारी एक जण टोपलीत बोटभर जाडीचं पिल्लू घेऊन बसला होता. "मिश्र आहे," तो म्हणाला, "कुणी नेत नाही."

"ओरडतं का?"

"साप आहे, काका."

"मग दे."

त्याने तिचं नाव गेंदुक ठेवलं. गेंदुक म्हणजे आपण लाडाने छकुली म्हणतो तसंच. मूल व्हायचं राहून गेलेल्या लासिनेमने हे नाव फार वर्षं जपून ठेवलं होतं. तिच्याच कपड्यांच्या कपाटाला तुमिजानने समोरून काच बसवली, वरून ऊब देणारा दिवा सोडला, खाली पाण्याची परात. सालातिगा डोंगरावरचं गाव, संध्याकाळी हवा गार पडते. दिवा विझला की गेंदुकच्या अंगातला जीवही मंद व्हायचा. म्हणून तो रोज तिन्हीसांजेला कपाटात पाण्याचा फवारा मारायचा, दिव्याखाली हात धरून ऊब बघायचा आणि लासिनेम शेजारपाजारच्या पोरांना निजवताना गायची ते गुणगुणायचा:

*नीज नीज गं छकुले, दिवा तापतो वरती,*
*तुझ्या वाटची गं ऊब, माझ्या वाटची ही राती.*

आता गल्लीचं म्हणणं काय होतं, तेही ऐका. सापाशी करार करून धनवान होणारी माणसं असतात, हे त्या गल्लीत सगळे धरूनच चालत. साप धन देतो आणि बदल्यात घरातलं माणूस घेतो. तुमिजानच्या घरात साप आला, आणि घरातलं माणूस तर गेलेलंच होतं. साप माणूस गेल्यानंतर आला ही बारीकशी अडचण होती, पण ती पलीकडच्या दारातल्या कार्सिनीवहिनीने सोडवली. "आगाऊ घेतलं असेल," ती म्हणाली.

गल्लीला एकच गोष्ट समजत नव्हती. तुमिजानच्या छपराचा पत्रा अजून फुटकाच होता.

"एवढा मोठा साप," कार्सिनी कुंपणावरून म्हणायची, "आणि साधं छप्पर नाही? लोकांचे साप बंगले बांधून देतात हो. कांग, तुम्ही त्याला काही सांगता की नुसतेच गाणी म्हणता?" कांग म्हणजे दादा.

"तो साप तसला नाही, वहिनी."

"मग कसला? नुसता खाणारा?"

असं ती बोलायची, पण कुंपणाच्या अलीकडे पाय टाकायची नाही. कुणीच टाकायचं नाही. लासिनेमच्या दुसऱ्या वर्षाच्या प्रार्थनेला तुमिजानने सगळ्या चटया पसरल्या, पाहुण्यांनी घरी न्यायचे जेवणाचे सगळे डबे भरले, आणि एकही चप्पल दारात आली नाही. प्रार्थना सांगणारे म्हातारे मोदिन म्बाह मुस्लिख तेव्हा कंबर धरून अंथरुणाला खिळले होते. म्बाह म्हणजे आजोबा. ते आले असते, असं तुमिजान स्वतःला सांगत असे. शेवटी त्याने स्वतःच दारोदार डबे पोचवले. डबे सगळ्यांनी कुंपणावरून घेतले. स्वयंपाक चांगला झाला होता असंही सांगितलं.

आणि आता हजारावा दिवस येत होता.

गेलेल्या माणसाच्या नावाने गल्ली तिसऱ्या दिवशी जमते, सातव्या दिवशी जमते, वर्षाने जमते, दोन वर्षांनी जमते. आणि शेवटची जमते हजाराव्या दिवशी. त्या दिवशी थडग्यावर दगड बसतो, शेवटची प्रार्थना होते, आणि त्या माणसाला खऱ्या अर्थाने निरोप मिळतो. त्यानंतर त्याच्या नावाने जमायचं कुणाला कारण उरत नाही. ही बस चुकली की पुढची नाही, हे कंडक्टर तुमिजानला कुणी सांगायला नको होतं. जिच्या घरून पोरांच्या तापाला काढा आणि बाळंतिणींना खीर जायची, त्या लासिनेमला चार भिंती आणि एक नवरा निरोप देणार, हा विचार त्याला सोसवत नव्हता.

गल्लीचा मुखिया हर्सोयो दारात उभा राहून स्पष्टच म्हणाला, "कांग, साप गेला तर गल्ली येईल. मी शब्द देतो."

"गेला," तुमिजान म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"कुठे गेला?"

"सेमारांगला. एकाने नेला. मोठं घर आहे त्याचं."

"बघा, त्यांच्याकडे झालं पण मोठं घर," कुंपणापलीकडून कार्सिनी हळहळली.

तर आता बेत असा ठरला. गेंदुकला कपाटात ठेवायचं, काचेवरून लासिनेमचं लुगड्यासारखं लांब बाटीकचं वस्त्र सोडायचं, आणि निजायच्या खोलीचा पडदा ओढून सांगायचं की आत लासिनेमच्या वस्तू आहेत, कुणी जाऊ नका. गेंदुकने वळवळ करू नये म्हणून आदल्या दिवशी तिला एक लठ्ठ ससा खाऊ घालायचा. भरल्या पोटाचा अजगर गादीसारखा पडून राहतो. फक्त त्याला वरून ऊब हवी, नाहीतर पोटातलं पचत नाही आणि तो ऊब शोधत निघतो. पण दिवा होताच की. कपाटाची कडी गेंदुक नाकाने उचलते हे माहीत असल्यामुळे कडीला वरून नायलॉनची दोरी करकचून बांधायची. घराला वीज बेताची. भाताचा कुकर लावला तर इस्त्री नाही, इस्त्री लावली तर पाण्याचा पंप नाही, दोन्ही लावली तर फाटकाजवळचा खटका पडून सगळंच नाही. म्हणून संध्याकाळी बैठकीत एक ट्यूबलाइट आणि कपाटात एक दिवा, बाकी सगळं बंद. तुमिजानने हा बेत तीन बाजूंनी तपासला. त्यात कुठे फट नव्हती.

फट होती. ती म्हणजे लोक खरोखर आले.

सकाळीच कार्सिनी उलथनं घेऊन आत शिरली, तिच्यामागे गल्लीतल्या बायका. तांदळाचे आप्पे, चिकट भात, नारळाच्या दुधातली केळी, आणि सबंध शिजवलेल्या कोंबड्या. कोंबड्या साफ करायचं काम तुमिजानने मागून घेतलं. हातांना पिसं चिकटलेली, सदऱ्यावर हळद, आणि घरात भांड्यांचा, हसण्याचा, "मीठ कुठेय हो कांग?" असा आवाज. मीठ कुठे आहे हे त्याला माहीत होतं, तरी त्याने कार्सिनीला ते दोनदा विचारायला लावलं.

दुपार कलल्यावर हर्सोयो हातगाडीवर कर्णा आणि आवाज वाढवायचं खोकं घेऊन आला. "आमच्याकडून भेट. म्बाहचा आवाज खोल गेलाय, मागच्यांना ऐकू येत नाही. कांग, हा कर्णा वर बांधायला एखादी दोरी आहे का?"

इतक्या दिवसांत कुणी त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. तुमिजानचा ऊर असा भरून आला की विचार करायला आत जागाच उरली नाही. "आहे की, आहे," म्हणत तो पडद्याआड गेला, घरात असलेली एकुलती एक नायलॉनची दोरी सोडली आणि हर्सोयोच्या हातात आणून दिली. कडीत त्याने आगपेटीतली एक काडी खोचली. तेवढं पुरेल, त्याला वाटलं. आनंदात माणसाला काडीसुद्धा पुरते.

सांजेच्या नमाजानंतर माणसं येऊ लागली. दारात चपला साठत गेल्या, एकीवर एक चढल्या. तुमिजान दोनदा पाणी बघायच्या निमित्ताने बाहेर जाऊन त्या बघून आला. सगळ्यांत शेवटी म्बाह मुस्लिख आले, काठी टेकत, चंद्रकोरीसारखे वाकलेले. डोळ्यांत मोतीबिंदू, कंबर कायमची धरलेली. पण या गावातल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं नाव त्यांना बापाच्या नावासकट पाठ होतं. त्यांना मधोमध, निजायच्या खोलीच्या पडद्याला पाठ करून बसवलं.

"पाठीला काही आहे का रे?" म्बाहनी विचारलं. "टेकल्याशिवाय माझं आमीनपर्यंत पोचणं कठीण."

"बघतो, म्बाह, लोड बघतो."

आणि तो लोड शोधायला वळणार, तोच हर्सोयोने कर्ण्याचं बटण दाबलं. त्याच क्षणी स्वयंपाकघरात कार्सिनीने, भात गार होईल म्हणून, आपल्या घरून आणलेला कुकर भिंतीत खोचला.

खट.

घर काळोखात बुडालं. बायका हसल्या, पुरुषांनी आपापल्या सिगारेटी शोधल्या. कार्सिनीने एका बशीत मेणबत्ती लावून मधोमध आणून ठेवली. "थांबा, मी खटका वर करून येतो," म्हणत हर्सोयो उठू लागला, तर म्बाहनी हात वर केला. प्रार्थनेची वेळ झाली होती. त्यांना उजेडाशी कर्तव्य नव्हतं. सगळे बसले. पठण सुरू झालं, पुरुषांचे आवाज एकमेकांत मिसळून छपराच्या पत्र्याला लागले, आणि तुमिजानला वाटलं, लासिनेम जिथे असेल तिथे तिला आता ऐकू जात असेल.

मग त्याला आठवलं, की कपाटातला दिवाही विझला आहे.

त्याने पडद्याकडे पाहिलं. पडद्याची खालची झालर हलली. मेणबत्तीच्या थरथरत्या उजेडात अर्धी जाळी आणि पुढे ठिपके असं काहीतरी जाडजूड, सावकाश, संकोचाने बाहेर आलं, गार फरशीवर थबकलं, जीभ काढून हवा चाखली, आणि खोलीतल्या सगळ्यांत जवळच्या उबेकडे निघालं. ती ऊब म्बाह मुस्लिखांच्या पाठीला होती.

गेंदुक त्यांच्या कमरेमागे येऊन घड्या घालून बसली. म्बाहनी पठण न थांबवता मागे चाचपलं, टेकले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की ते बघून दोघातिघांनी डोळे पुसले.

"लोड मिळाला वाटतं," ते दोन ओळींच्या मधल्या श्वासात पुटपुटले. "बरा आहे. जड आहे."

तुमिजान अंगभर घामाने भिजला. काय करावं? ओरडावं तर गल्ली पळणार, आणि हजाराव्या दिवसाची प्रार्थना अर्धी राहणार. गुपचूप उचलून न्यावी तर त्याचे हात, बाह्या, सदरा, सगळं सकाळपासून कोंबडीने दरवळत होतं. कोंबडीच्या वासाच्या हाताने गेंदुकला धरणं म्हणजे तिच्या तोंडापुढे ताट वाढणं. पोट भरलेलं असलं तरी बापाकडची झेप ती विसरत नसे. त्याच्या हाताला ती डसली असती तरी तो ओरडला नसता. पण म्बाह दचकले असते. म्हणून त्याने काहीच केलं नाही. तो फक्त हळूहळू सरकत म्बाहच्या शेजारी आला, आणि कंडक्टर दाराशी उभा राहतो तसा गेंदुक आणि बाकीच्यांच्या मध्ये आडवा बसला.

पठण संपत आलं. आता शेवटची मोठी प्रार्थना, तिच्यात एकेका ओळीला सगळ्यांनी आमीन म्हणायचं. हर्सोयो पुन्हा हलला. "कांग, एवढा कर्णा आणलाय. जाऊन खटका—"

"नको," तुमिजान कुजबुजला. "असू दे. लासिनेमला अंधार आवडायचा."

"लासिनेमवहिनीला?" हर्सोयोही कुजबुजला. "गल्लीतला दिवा गेला की माझ्या दारात येऊन भांडायची ती."

"उजेडात भांडायची. आवडायचा अंधारच."

हर्सोयोला ते पटलं नाही, पण मेलेल्या बाईच्या आवडीनिवडीवर तिच्या नवऱ्याशी वाद घालायची ही वेळ नव्हती. म्बाहनी हात उचलले, लासिनेमचं नाव घेतलं, तिच्या बापाचं नाव घेतलं. खोली भरून आमीन आलं. पुन्हा एक ओळ, पुन्हा आमीन. तुमिजानने डोळे मिटले. आणखी थोडंसंच. आणखी थोड्या ओळी, गेंदुक, आणि मग तुला काय करायचं ते कर.

डोळे मिटल्यामुळे हर्सोयो वाकून, पाय न वाजवता दाराबाहेर गेला हे त्याला दिसलं नाही. कार्सिनीचा कुकर आधीच काढला होता; भेट म्हणून आणलेला कर्णा मुका राहावा हे मुखियाला सहन होत नव्हतं. फाटकाजवळ जाऊन त्याने खटका वर केला.

ट्यूबलाइट दोनदा पापणी मिटून लख्ख लागली.

म्बाह मुस्लिख हात उचलून, मागे रेलून प्रार्थना सांगत होते. त्यांच्या डाव्या बगलेखालून एक डोकं बाहेर आलेलं होतं आणि ते त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकून, सगळ्यांसारखंच, ऐकत होतं.

कुणी किंचाळलं नाही. प्रार्थना चालू असताना किंचाळायचं नाही हे त्या गल्लीच्या अंगात मुरलेलं आहे. लोक नुसते उठले. चटया पायात गुंतल्या, एक भिंतीवरचं घड्याळ पडलं, दारात चपलांच्या ढिगाऱ्यावर माणसांचा ढिगारा झाला आणि कुणाचा डावा कुणाच्या उजव्यात असे सगळे गल्लीत सांडले. खिडकीबाहेर कार्सिनीचा दबलेला आवाज आला, "सेमारांगहून परत आला. मोठं घर सोडून परत आला हा." नंतर तोही लांब गेला. आणि एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी: भिंतीशी रचून ठेवलेल्या डब्यांपैकी एकही डबा मागे राहिला नाही.

म्बाहनी पुढची ओळ म्हटली आणि आमीनसाठी थांबले.

खोलीत कोणीच नव्हतं.

तुमिजानने त्या दुधाळ डोळ्यांकडे पाहिलं, उचललेल्या हातांकडे पाहिलं, रिकाम्या चटयांकडे पाहिलं. जन्मभराची विद्या पोटातून वर आली. "आमीन," तो हर्सोयोसारखं नाकातून म्हणाला. लगेच तोंड वळवून, घोगऱ्या आवाजात, "आमीन." स्वयंपाकघराकडे मान करून, कार्सिनीच्या चिरक्या सुरात, "आमीन." पुढच्या ओळीला त्याने एक खोकणारा म्हातारा घातला, एक उशिरा म्हणणारा घातला, मांडीवर चापट मारून कुणीतरी डास मारल्यासारखं केलं. ट्यूबलाइट गुणगुणत होती, गेंदुक जीभ काढून आत घेत होती, आणि एक म्हातारा कंडक्टर घामाघूम होऊन आपल्या बायकोच्या शेवटच्या बसमध्ये माणसं चढवत होता. शेवटच्या आमीनला त्याला सगळे आवाज पुरले. फक्त स्वतःचा उरला नाही.

म्बाहनी हात चेहऱ्यावरून फिरवले. 

"तुमिजान."

"जी, म्बाह."

"बस सुटली, की अजून स्टँडवरच आहे?"

तुमिजानने बाहीने कपाळावरचा घाम पुसला.

"मी जन्मभर तुझ्याच बसने सेमारांगला गेलोय रे," म्बाह म्हणाले. "तो खोकणारा म्हातारा तू तेव्हाही घालायचास. पहिल्यांदा मी त्याला बसायला जागा दिली होती."

"तुम्हाला कळलं होतं तर. सगळे गेलेले."

"एवढा गलका झाला, कळणार नाही?"

"आणि ही?" तुमिजानचा आवाज बसला होता. "ही कधी कळली?"

"आधी वाटलं लोड. पण लोड श्वास घेत नाही. मग वाटलं मांजर असेल, बसू दे. मांडीवर आलं, बगलेतून गेलं, पुन्हा मागे आलं." म्बाहनी गेंदुकच्या पाठीवरून बोटं फिरवली, जाळी जिथे संपते आणि ठिपके सुरू होतात तिथे थांबवली. "मांजर काही संपेचना."

तुमिजानच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "आणि तरी तुम्ही थांबलात, म्बाह. लासिनेमसाठी."

म्बाहनी मोठा उसासा टाकला. खोटं बोलायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं.

"पळायचंच होतं रे," ते म्हणाले. "पण पायांना मुंग्या आल्या होत्या."

त्या संध्याकाळी गॅसवर पाणी ठेवून तुमिजानने चमेलीचा गोड चहा केला. सदरा बदलला, हात साबणाने कोपरापर्यंत तीनदा धुतले, मग गेंदुकला उचलून कपाटात, दिव्याखाली ठेवलं. कडीला बांधायची दोरी कर्ण्याबरोबर वर लटकत होती, म्हणून कपाटाला खुर्ची लावून तो स्वतः तिच्यावर बसला. म्बाहना घरी सोडायला उठला तेव्हा ते आश्चर्याने म्हणाले, "अरे, मी सरळ उभा आहे." ते सरळ नव्हते, पण चंद्रकोर थोडी भरली होती हे खरं.

पुढच्या गुरुवारी मुखिया हर्सोयो साप हलवायची बोलणी करायला आला. फाटकात त्याला म्बाह भेटले, काठी टेकत आत चाललेले. "माझ्या कमरेचा इलाज आहे तो," म्हातारा म्हणाला. "हलवायचा तर माझ्या घरी हलव, तुझ्याच घराला लागून आहे ते." बोलणी तिथेच संपली. कुंपणापलीकडे कार्सिनीने लगेच शेजारणीला सांगितलं की आता करारात मोदिनही भागीदार आहे. आणि दोघं मिळूनसुद्धा पत्रा बदलता येत नाही म्हणजे साप नक्कीच आळशी आहे.

त्या दिवशी गेंदुकचे डोळे धुरकट निळे झाले होते, तिच्या कातड्याचा रंग विटला होता.

"आज हात नाही लावायचा, म्बाह," तुमिजान म्हणाला. "कात टाकायचीय तिला. आता काही दिवस तिला दिसत नाही."

"मग आम्ही सारखेच," म्बाह म्हणाले. त्यांनी खुर्ची कपाटासमोर ओढली आणि काचेला हात टेकून बसले. "हात कोण लावतंय. नुसता बसतो जवळ. तू चहा ठेव."

तुमिजानने चहा ठेवला. आतून म्हाताऱ्याचं बोलणं ऐकू येत होतं. कुठल्याशा पुराबद्दल, कुठल्याशा म्हशीबद्दल, मोठ्याने हसणंही. घरात दोन पेले बाहेर काढताना त्याचा हात जरा चुकला, कारण एकाची सवय झाली होती. आता बसावं, आपणही काही सांगावं, सेमारांगच्या घाटातली ती ब्रेक न लागलेली गोष्ट सांगावी, असं मनात जुळवत तो पेले घेऊन आत गेला.

म्बाहनी चहा घेतला, फुंकून एक घोट प्याले आणि म्हणाले, "मंगळवारी पुन्हा येतो. आणि हे बघ तुमिजान, माझ्यासाठी तू घरी अडकून पडू नकोस. तुला कुठे जायचं असलं तर जा. उंबऱ्यावरच्या कुंडीखाली किल्ली ठेवून जा म्हणजे झालं. आमचं आम्ही बघतो."

मंगळवारी सकाळी तुमिजानने अंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि उंबऱ्यावरच्या कुंडीखाली किल्ली ठेवली. मग कुठेही न जाता आत येऊन दार लोटून घेतलं, गॅसवर चहाचं पाणी ठेवलं आणि काठीचा आवाज येतो का ते ऐकत बसला.